गाडीचा चिकटा काढताना जीव सांभाळा

दसरा जवळ आला की उदगीर परिसरात गाड्या धुण्याची एकच धांदल उडते. पोळ्याला बैलांना न्हाऊ घालायचे, तसे खंडेनवमीला मोटारसायकल, टेम्पो, ट्रॅक्टर यांना. धूळ पाण्याने जाते. काळ्या रानातली वाळलेली माती दोनदा भिजवली की सुटते. खरी कटकट असते ती चेनवरच्या ग्रीसची, इंजिनावर बसलेल्या ओशट थराची आणि मडगार्डला चिकटलेल्या डांबराची. मग घरात हाताला लागेल ते घेतले जाते. रॉकेल, पेट्रोल, संडास धुण्याचे ॲसिड, नाहीतर चुलीतली राख! गाडी लखलखीत होते, पण त्यापायी दवाखान्याची पायरी चढावी लागू नये, म्हणून आजचा हा विषय.

बाटली तोंडाला लागते तेव्हा

रॉकेल किंवा पेट्रोल ओतून घेतले जाते ते बहुधा शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत. काम संपते, बाटली ओसरीवर तशीच राहते. खेळून आलेले दोन-तीन वर्षांचे लेकरू तहानेने ती तोंडाला लावते. हे तेल पोटात गेल्यापेक्षा श्वासनलिकेत उतरल्याने अधिक अपाय होतो. ते अतिशय पातळ असल्याने थोडेसे गेले तरी फुफ्फुसात पसरते आणि तेथे सूज आणते.

अशा वेळी घरची माणसे घाबरून घशात बोट घालतात, मिठाचे पाणी पाजतात. हे मुळीच करू नये. उलटी होताना तेच तेल पुन्हा घशाशी येते व फुफ्फुसात जाण्याची त्याला दुसरी संधी मिळते. दूध, तूपही पाजू नये. भिजलेले कपडे काढावेत, अंग साबणाने धुवावे आणि ती बाटली सोबत घेऊन तडक दवाखाना गाठावा. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावता येते. मूल हसत-खेळत असले तरी निदान सहा तास ते डॉक्टरांच्या नजरेखाली असावे, कारण खोकला, धाप आणि ताप ही लक्षणे उशिरानेही दिसतात. नळी तोंडात धरून टाकीतले पेट्रोल ओढणाऱ्या मोठ्या माणसांनाही हाच धोका असतो.

हात आणि बोटे

काळे झालेले हात पेट्रोलने धुण्याची सवय अनेकांना असते. पेट्रोल ग्रीस काढते, पण त्याबरोबर कातडीचे नैसर्गिक तेलही नेते. मग हात कोरडे पडतात, भेगा पडतात, खाज सुटते. शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत जाते आणि दूरच्या शेगडीवर किंवा उदबत्तीवर पेट घेऊ शकते.

इंजिनातून काढलेले काळे ऑइलही जपून हाताळावे. काजळीतल्या घटकांसारखे कर्करोगाला कारण होणारे घटक त्यात असतात. लंडनमध्ये धुराडी साफ करणाऱ्यांना होणाऱ्या कर्करोगाचा संबंध पर्सिव्हल पॉट या शल्यचिकित्सकाने १७७५ मध्येच काजळीशी जोडला होता. रोज हे काम करणाऱ्यांनी रबरी हातमोजे वापरावेत आणि ऑइलने भिजलेले कपडे अंगावर ठेवू नयेत.

सर्वांत मोठी चूक म्हणजे इंजिन चालू ठेवून, गाडी गिअरमध्ये टाकून फिरत्या चेनला फडके लावणे. फडके दात्यात अडकते आणि त्यासोबत बोट जाते. इंजिन बंद करावे आणि चाक हाताने, थोडे थोडे फिरवावे. दुर्दैवाने बोट तुटलेच, तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. तुटलेला भाग ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बर्फ थेट लावू नये.

मग वापरावे काय?

तेलाला तेल ओढते, हे सूत्र ध्यानात ठेवावे. आपल्या भागातले करडईचे किंवा कोणतेही गोडेतेल ग्रीसवर, डांबरावर चोळून दहा-पंधरा मिनिटे ठेवावे. थर सैल पडला की फडक्याने पुसावा आणि साबणाच्या कोमट पाण्याने धुवावे. मात्र ब्रेकला तेलाचा थेंबही लागू देऊ नये. तेलाच्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकू नये. करडईसारख्या तेलाच्या चिंध्या आतल्या आत तापून पेट घेऊ शकतात. त्या पाण्यात भिजवून मगच टाकाव्यात.

हातांसाठी चमचाभर गोडेतेल व तितकीच साखर चोळावी, वर बेसन लावावे, मग साबणाने धुवावे. बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा थर काढायचा असेल, तर आधी तारा सोडवाव्यात आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या ब्रशने लावावा. राखेने रंगावर ओरखडे उठतात, धुण्याच्या सोड्याने ॲल्युमिनियम काळवंडते. म्हणून ही दोन्ही दूर ठेवावीत.

संडासचे ॲसिड व कपड्यांचे ब्लीच तर कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. चुकून तसे झाल्यास तेथून लगेच मोकळ्या हवेत जावे. डोळ्यात काही उडाले, तर चोळत न बसता किमान पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याची धार सोडावी, मग दवाखान्यात जावे. तापलेल्या सायलेन्सरचा चटका बसल्यास त्यावरही वीस मिनिटे साधे गार पाणीच सोडावे, टूथपेस्ट लावू नये.

निघालेले काळे ऑइल विहिरीजवळ, बोअरजवळ किंवा नालीत ओतू नये. शेवटी ते आपल्याच पिण्याच्या पाण्यात उतरते.

गाडीला झेंडूचा हार घालण्याआधी एवढे जरूर करा. अंगणात, ओसरीवर रॉकेल-पेट्रोलची बाटली राहिली आहे का, ते एकदा पाहा. असेल तर तिच्यावर ठळक नाव लिहा, झाकण घट्ट लावा आणि लेकरांचा हात पोचणार नाही अशा जागी, चुलीपासून दूर ती ठेवा.