एका लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स

वसतिगृहातील मुलांना आपला वापरलेला लॅपटॉप द्यावा, असे अनेक माजी विद्यार्थ्यांच्या मनात असते. मात्र विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि पुष्कळ जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. अशा यंत्रावर मोफत मिळणारी लिनक्स प्रणाली उत्तम चालते. काही कामांना विंडोज लागतेच. म्हणून दोन्ही ठेवणे श्रेयस्कर.

अडचण बहुधा फर्मवेअरमध्ये असते. बटण दाबताच प्रथम जागा होतो तो मदरबोर्डवरील चिपमधला हा प्रोग्रॅम. जुना बायोस किंवा नवा यूईएफआय. तो आपल्या यादीच्या क्रमाने प्रणाली सुरू करतो. लिनक्स या यादीत स्वतःची नोंद करते. परंतु काही सदोष फर्मवेअर ती नोंद डावलून थेट विंडोजकडे वळतात. लिनक्स डिस्कवर सुखरूप असते, फक्त दिसत नाही. लोक मात्र सारे पुसून पुन्हा आरंभ करतात! आधी एफ१२, एफ९ किंवा एस्केप दाबून (कळ कंपनीनुसार बदलते) बूट मेनू पाहावा आणि सेटिंगमध्ये लिनक्सची नोंद वर आणावी.

दोष नेहमी फर्मवेअरचाच असतो असेही नाही. उबुंटू १७.१० मधील एका ड्रायव्हरमुळे लेनोवोसह काही कंपन्यांच्या लॅपटॉपचे बायोस बिघडले. सेटिंग जतन होईनात, पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू होईना. डिसेंबर २०१७ मध्ये ती आवृत्ती डाउनलोडसाठी देणे थांबवावे लागले.

फर्मवेअरचे अद्यतन केल्याने असे काही दोष जातात. पण ते चालू असताना वीज गेली, तर यंत्र कायमचे बंद पडू शकते. बॅटरी मृत असेल आणि गावात भारनियमन असेल, तर त्या वाटेला न जाणेच शहाणपणाचे.

लिनक्स घालण्यापूर्वी विंडोजमधील 'फास्ट स्टार्टअप' बंद करावे; अन्यथा विंडोज अर्धवट झोपलेले राहते आणि लिनक्समधून त्याच्या विभागात लिहिल्यास फाइली खराब होऊ शकतात. डिस्कवर बिटलॉकरचे कुलूप असेल, तर फर्मवेअरची सेटिंग बदलताच विंडोज ४८ अंकी किल्ली मागू शकते. ती किल्ली बहुधा देणाऱ्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. म्हणून लॅपटॉप शाळेत पोहोचवण्यापूर्वीच आपल्या फाइली काढून घेऊन बिटलॉकर बंद करावे.