अर्धवट कामाची ओढ

घोडबंदर रोड ज्या डोंगराला वळसा घालतो, त्याच्या पलीकडे कांदिवलीत एका माणसाने इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं. खरंखुरं, सहा आसनी! कॅप्टन अमोल यादव पेशाने वैमानिक. 1998 साली पहिलं विमान करायला घेतलं, ते जमलं नाही. दुसरंही नाही. तिसरं गच्चीवर उभं राहिलं. इमारतीला लिफ्ट नाही, जिना अरुंद. तरी लेथ, वेल्डिंग मशीन आणि 180 किलोचं इंजिन वर चढलं. 2016 साली बीकेसीतल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी ते विमान पाहिलं, 2017 साली त्याची रीतसर नोंदणी झाली. विशीत मनावर घेतलेलं काम चाळिशीत इथवर आलं.

इतकी वर्षं माणूस एका कामाला धरून राहतो कसा? जिद्द हवीच. पण मनाची एक विलक्षण खोडही मदतीला येते. 1928 साली मरिया ओव्स्यांकिना या संशोधिकेने बर्लिनमध्ये केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. लोकांना छोटी छोटी कामं द्यायची आणि मध्येच थांबवायचं. पुढे मोकळा वेळ मिळताच, कुणी सांगितलं नसताना, बक्षीस नसताना, बहुतेकांनी तेच काम पुन्हा हाती घेतलं! अर्धवट काम माणसाला स्वतःकडे ओढतं.

मग आपली कामं वर्षानुवर्षं का रखडतात? क्लार्क हल या मानसशास्त्रज्ञाने 1932 साली मांडलं, की खाऊ जवळ आला की उंदराचा वेग वाढतो. आपलंही तसंच. सुरुवातीला नवलाई असते, शेवटी काम टप्प्यात आलेलं दिसतं. मधल्या पट्ट्यात दोन्ही नसतं. त्यात चाळिशी-पन्नाशी म्हणजे मुलांची बारावी, आईवडिलांची औषधं आणि गायमुखची ट्रॅफिक. काम माळ्यावर जातं, आणि नजरेआड गेलेलं काम ओढणार कसं?

म्हणून ते खाली काढायचं आणि शेवट जवळ आणायचा. मानपाड्याच्या एखाद्या बाल्कनीत सागाचा जुना टीपॉय पडून असेल, तर आज त्याचा फक्त एक पाय घ्या. आधी 120 नंबरचा पॉलिश पेपर: काळपट थर निघतो, बोटांवर पिवळसर भुकटी बसते. मग 220 नंबरचा. हळूहळू लाकडाच्या रेषा वर येतात, हात फिरवला तर कुठे अडत नाही. एक पाय झाला, म्हणजे एक काम पुरं झालं. दुसऱ्या पायाला थोडा हात लावून ठेवा, पेपर तिथेच राहू द्या. बाल्कनीत येता-जाता तो पाय दिसेल आणि खुणावेल. मूड लागायची वाट पाहू नका. हात चालू झाला की मूड मागोमाग येतो. पन्नाशीतल्या हातांत कसब भरपूर असतं. त्यांना हवा असतो एवढासा, आजच गाठता येईल असा शेवट.