मंत्रचळ (ओसीडी) : उपचारांची सुरुवात आणि प्राध्यापकांची भूमिका

प्रस्तावना :
उत्तरपत्रिकेवरील आसनक्रमांक पुन्हापुन्हा तपासणारा, एकाच परिच्छेदावर अडून राहणारा किंवा हात धुण्यात तासिका चुकविणारा विद्यार्थी बहुधा 'संथ' वा 'अतिस्वच्छ' समजला जातो. त्यामागे कल्पना-कृती अनिवार्यता विकृती, म्हणजेच मंत्रचळ असू शकतो. जामखेड, पाथर्डी अशा पाणीटंचाईच्या तालुक्यांत तासभर हात धुणे हा घरातील भांडणाचा विषय होऊ शकतो आणि आजार मात्र दुर्लक्षित राहतो. असे विद्यार्थी उपचारांस तयार झाले तरी काही जण ते अर्धवट सोडतात. प्रारंभी काय घडते, हे ठाऊक असल्यास ही गळती रोखता येईल, या हेतूने प्रस्तुत विवेचन केले आहे.

पहिल्या भेटी :
पहिल्या एक-दोन भेटींत प्रामुख्याने विचारपूस होते. कोणते विचार येतात, कोणत्या कृती कराव्या लागतात, त्यात किती वेळ जातो, याची नोंद केली जाते. तीव्रता मोजण्यासाठी येल-ब्राऊन मापनश्रेणी (० ते ४० गुण) वापरली जाते. देवाविषयी अभद्र, हिंसक वा लैंगिक विचार सांगण्याची रुग्णास लाज वाटते. परंतु असे नकोसे विचार हे या आजाराचे परिचित लक्षण आहे. विचार येणे म्हणजे तशी इच्छा असणे नव्हे.

उपचाराचे स्वरूप :
व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या कार्यातून 'सामना व प्रतिसाद-प्रतिबंध' ही पद्धती विकसित झाली. रुग्ण भीतीदायक प्रसंगांची सौम्य ते तीव्र अशी उतरंड तयार करतो आणि स्वसंमतीने एकेका पायरीस सामोरा जातो. उदा. दाराच्या कडीला हात लावणे व त्यानंतर हात न धुणे. यामुळे प्रारंभी अस्वस्थता वाढते. हे उपचाराचे अपयश नसून त्याचा अपेक्षित भाग होय. कृती न करताही भीती सहन करता येते, हा अनुभव सरावानेच येतो. म्हणून घरचा अभ्यास अनिवार्य ठरतो. साधारणतः आठवड्यास एक याप्रमाणे १२ ते २० सत्रे लागतात. औषधे दिल्यास त्यांचा पुरेसा परिणाम दिसण्यास ८ ते १२ आठवडे लागू शकतात. ती परस्पर बंद करू नयेत.

प्राध्यापकांची भूमिका :
"सर, माझा क्रमांक बरोबर आहे ना?" या प्रश्नाला दर वेळी दिलेला दिलासा क्षणिक असतो आणि आजारास खतपाणी घालतो. तथापि तो एकाएकी नाकारणेही योग्य नव्हे. उपचारकर्त्याच्या सल्ल्याने व विद्यार्थ्याच्या संमतीने तो हळूहळू कमी करावा. "मनावर ताबा ठेव" असा उपदेश टाळावा. उपचाराच्या दिवशी अनुपस्थिती समजून घ्यावी व माहिती गोपनीय ठेवावी.

उपलब्ध सुविधा :
जिल्ह्यात लोणी येथील प्रवरा वैद्यकीय विज्ञान संस्थेचे व विळद घाट येथील वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. जिल्हा रुग्णालयातही चौकशी करता येते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते.

समारोप :
उपचाराचे पहिले काही आठवडे सर्वांत कठीण असतात आणि नेमके तेव्हाच विद्यार्थी माघार घेण्याची शक्यता अधिक असते. त्या काळात "त्रास होतो आहे, म्हणजे काम सुरू झाले आहे" एवढे सांगणारा प्राध्यापक लाभल्यास त्याचे शैक्षणिक वर्ष वाचू शकते.