गुहेच्या मुखाशी अडसर

दुर्मिळ वटवाघळांच्या रक्षणार्थ गुहेस फाटक बसवावे की नाही, या प्रश्नाचे उत्तर केवळ दयाबुद्धीने देऊ पाहणाऱ्यांनी अमेरिकेच्या इंडियाना संस्थानातील वायंडॉट गुहेची हकीकत अवश्य ध्यानी घ्यावी.

१९६७ साली नामशेष होऊ घातलेल्या प्राण्यांत ज्याची गणना झाली, ते अवघ्या काही ग्रॅम वजनाचे इंडियाना वटवाघूळ हिवाळाभर शीतनिद्रेत असता शरदात साठविलेल्या चरबीवर निर्वाह करते. आणि प्रवाशांच्या दिव्यांनी वा गलबल्याने त्यास वारंवार जाग आली, तर ती तुटपुंजी शिल्लक वसंतापूर्वीच संपून उपासमारीने त्याचा अंत होतो. मादीस वर्षाकाठी एकच पिल्लू होत असल्यामुळे ही हानी भरून निघण्यास दीर्घकाळ लागतो. तेव्हा माणसास मज्जाव हवा, हे निर्विवाद.

परंतु वायंडॉटच्या मुखाशी बंदोबस्तासाठी जी दगडी भिंत घातली गेली, तिने थंड हवेचीच वाट अडविली. गुहा उबदार झाली आणि वटवाघळांची संख्या झपाट्याने घटली. १९७७ साली ती भिंत काढून आडव्या गजांचे फाटक बसविले, तेव्हा कुठे ती पुन्हा वाढू लागली.

अशा फाटकाच्या गजांत सुमारे १५ सेंटिमीटरांची फट ठेवतात. तीही सर्वांस मानवत नाही. करड्या वटवाघळांच्या माद्या जेथे मोठ्या थव्यांनी पिले वाढवितात, तेथे मुख मोकळे ठेवून बाहेरून कुंपण घालणेच इष्ट. आणि जेथे माणूस फिरकतच नाही, तेथे फाटक म्हणजे सरकारी लोखंडाची उधळपट्टी, असे आमचे स्पष्ट मत आहे.