रशियन माणूस आणि दुःख

रशियाची पहिली ओळख आम्हाला झाली ती अण्णाभाऊ साठे यांच्या प्रवासवर्णनातून. पुढे कला शाखेत शिकत असताना दोस्तोयव्हस्की आणि चेकॉव्ह हे लेखक अनुवादातून वाचले. रशियन माणसाला दुःखाची आवडच असते, असे तेव्हापासून अनेकदा ऐकत आलो आहोत. हे कितपत खरे आहे, याचा येथे थोडक्यात विचार करू.

या समजुतीला आधार नाही असे नाही. इ. स. १०१५ मध्ये किएव्हच्या राजघराण्यातील बोरिस आणि ग्लेब हे दोघे भाऊ सत्तेच्या वादात मारले गेले. त्यांनी प्रतिकार न करता मरण पत्करले, म्हणून चर्चने त्यांना संत मानले. सोसणाऱ्याला पूज्य मानण्याची परंपरा इतकी जुनी आहे. दोस्तोयव्हस्कीला १८४९ साली वधस्थानी उभे करून ऐनवेळी मृत्युदंडाऐवजी सक्तमजुरी देण्यात आली. ओम्स्कच्या तुरुंगात त्याने चार वर्षे काढली. दुःख सोसण्याची गरज रशियन जनतेच्या मनाच्या मुळाशीच आहे, असे मत त्याने १८७३ साली मांडले.

परंतु हे दुःख आले कोठून? रशियातील कोट्यवधी शेतकरी भूदास होते. जमीनदार त्यांना विकू शकत असे, फटके मारू शकत असे. १८६१ साली भूदासप्रथा कायद्याने संपली. मात्र मिळालेल्या जमिनीची किंमत शेतकऱ्यांनी सरकारला ४९ वर्षे, दरसाल ६ टक्के दराने फेडायची होती. बँकेत कर्जखाती सांभाळणाऱ्या आम्हाला या हप्त्यांचा अर्थ चटकन कळतो. बाप मेला तरी हप्ता मरत नाही. १९०५ च्या उठावानंतर, १९०७ पासून हे हप्ते बंद झाले. तेव्हा दुःख हे रशियन माणसाच्या रक्तात नव्हते. ते कायद्यात आणि खातेवहीत होते.

हे ओळखणारेही रशियनच होते. चेकॉव्हचे आजोबा भूदास होते; त्यांनी पैसे भरून कुटुंबाची सुटका करून घेतली. चेकॉव्ह स्वतः डॉक्टर. प्रकृती ठीक नसतानाही तो १८९० साली सैबेरिया ओलांडून सखालिन बेटावरील कैद्यांच्या वसाहतीत गेला. झोपडी-झोपडीत जाऊन नाव, वय, धंदा, अक्षरओळख विचारून त्याने सुमारे दहा हजार कार्डे भरली. त्याने दुःखाची पूजा केली नाही, मोजणी केली.

पुढे स्टालिनच्या काळात कवयित्री ॲना अख्मातोव्हा तुरुंगात असलेल्या मुलासाठी लेनिनग्राडमध्ये तुरुंगाबाहेरच्या रांगेत महिनोन् महिने उभी राहिली. त्या रांगांवरील तिचे काव्य कागदावर ठेवणे धोक्याचे होते. म्हणून तिने ते विश्वासू मैत्रिणींकडून पाठ करून घेतले. तिच्या देशात ते १९८७ साली छापले गेले. ही दुःखाची आवड नव्हे, ही साक्ष आहे.

दुःख आहे आणि दुःखाला कारण आहे, ही तथागतांची शिकवण आपल्याला परिचित आहे. विद्यार्थी मित्रांनो, एखाद्या समाजाला सोसण्याची सवयच आहे असे कोणी म्हणाले, तर त्याला एवढेच विचारावे, की ही सवय लावली कोणी? सहनशीलतेचे कौतुक पुष्कळदा न सोसणारेच करतात. म्हणून चेकॉव्हप्रमाणे जवळ जावे, विचारावे आणि लिहून ठेवावे.