रेटिक काउंट म्हणजे काय? रिपोर्टमध्ये ‘नॉर्मल’ दिसला तरी हे गणित करून बघा

हल्ली रिपोर्ट आणायला लॅबमध्ये जावं लागत नाही. सकाळी रक्त दिलं की संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअॅपवर पीडीएफ येते. आपण ती उघडतो आणि एकच गोष्ट शोधतो: ठळक अक्षरात काय छापलंय? काही नसेल तर फोन खिशात! पण रेटिक्युलोसाइट काउंट, म्हणजे ‘रेटिक’, या टेस्टच्या बाबतीत ही सवय फसवते. का, ते आज सोप्या भाषेत बघू.

रेटिक्युलोसाइट म्हणजे काय?

लाल पेशी अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आतल्या मऊ गरात तयार होतात आणि साधारण १२० दिवस जगतात. म्हणजे रोज शंभरातली जवळपास एक पेशी बाद होते आणि तिच्या जागी नवी येते. ही नवी, अजून पूर्ण तयार न झालेली पेशी म्हणजे रेटिक्युलोसाइट.

आपल्या कोल्हापुरी भाषेत सांगायचं तर अस्थिमज्जा ही तालीम आणि रेटिक्युलोसाइट म्हणजे तिथून नुकतंच मैदानात उतरलेलं पोरगं. एक-दोन दिवसांत ते तयार पैलवान होतं. हिमोग्लोबिन सांगतं मैदानात ताकद किती आहे. रेटिक सांगतो मागून नवी भरती येतेय की नाही.

मोजतात कसं?

यासाठी उपाशीपोटी जायची गरज नसते. सीबीसीसाठी घेतात त्याच जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त चालतं. नव्या पेशीत आरएनएचे अवशेष उरलेले असतात. न्यू मिथिलीन ब्लू हा रंग टाकला की मायक्रोस्कोपखाली त्यांची निळी जाळी दिसते. मोठ्या लॅबमध्ये हेच काम मशीन करतं: आरएनएला चिकटणारा चमकणारा रंग टाकायचा, पेशी एकेक करून लेझरसमोरून सोडायच्या आणि चमकतील त्या मोजायच्या.

मग गडबड कुठे होते?

मोठ्या माणसांत रेटिक साधारण ०.५ ते २.५ टक्के असतो. माझ्या मामेबहिणीच्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ८, पीसीव्ही २५ आणि रेटिक २.२ टक्के होता. तिचा मेसेज आला, “दादा, रेटिक नॉर्मल हाय, म्हणजे काळजी नाही नव्हं?”

पण टक्केवारी कशाची, ते बघा. एकूण लाल पेशीच कमी झाल्या, तर थोड्याशा नव्या पेशींचाही टक्का मोठा दिसतो. म्हणून फोनचा कॅल्क्युलेटर उघडा:

१. रेटिक गुणिले तुमचा पीसीव्ही, भागिले ४५. (पीसीव्हीलाच हिमॅटोक्रिट म्हणतात, ४५ हा निरोगी मोठ्या माणसाचा आकडा धरतात.) इथे २.२ × २५ ÷ ४५ = १.२२.

२. अॅनिमियात शरीर कच्च्या पेशी लवकर बाहेर सोडतं. त्या रक्तात जास्त दिवस कच्च्याच राहतात आणि मोजणीत जास्त दिसतात. म्हणून पीसीव्ही ३५ च्या आसपास असेल तर १.५ ने, २५ ला २ ने, १५ ला २.५ ने भागा. इथे १.२२ ÷ २ = ०.६१.

या उत्तराला आरपीआय म्हणतात. अॅनिमिया असताना तो २ च्या खाली असेल तर तालीम गरजेइतकी भरती करत नाहीये. म्हणजे २.२ ‘नॉर्मल’ दिसत होता, पण प्रत्यक्षात कमी होता! काही रिपोर्टमध्ये आरपीआय छापलेलाच असतो. मग हे गणित करायची गरज नाही.

आकड्याचा अर्थ काय?

- २ पेक्षा कमी: लोह, बी-१२ किंवा फॉलिक अॅसिड कमी, किडनीचा आजार किंवा अस्थिमज्जेचाच त्रास.
- ३ पेक्षा जास्त: तालीम जोरात आहे, पण रक्त कुठेतरी वाहतंय किंवा पेशी वेळेआधी फुटतायत.

विदर्भात आणि नंदुरबारकडे आढळणाऱ्या सिकलसेलमध्ये रेटिक बहुतेक वेळा जास्तच असतो. अशा रुग्णाचा रेटिक अचानक खाली आला तर तो धोक्याचा इशारा असतो.

हे लक्षात ठेवा

- २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के महिलांमध्ये अॅनिमिया आढळला. पण प्रत्येक अॅनिमिया लोहाच्या कमतरतेचा नसतो. थॅलेसेमिया मायनरमध्येही हिमोग्लोबिन कमी दिसतं. म्हणून मनानेच लोहाच्या गोळ्या सुरू करू नका.
- लोहाचं औषध लागू पडलं तर आठवड्या-दहा दिवसांत रेटिक वाढतो. हिमोग्लोबिन भरून यायला बरेच आठवडे लागतात.
- नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा रक्तस्राव झाला असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. त्याने आकडा बदलतो.
- डॉक्टरांना एका पानाचा स्क्रीनशॉट नको, पूर्ण पीडीएफ दाखवा. एआय चॅटबॉटला विचारणार असाल तर आधी नाव आणि मोबाईल नंबर झाका.

गणिताने आजार ठरत नाही, पण डॉक्टरांना काय विचारायचं ते कळतं. फॅमिली डॉक्टर असोत की सीपीआरची ओपीडी, हा एक प्रश्न नक्की विचारा: “माझ्या हिमोग्लोबिनच्या मानाने हा रेटिक पुरेसा आहे का?”