एकदाच दिसलेल्यांचा हिशोब

मोजदाद : भाग ६

जुन्नर तालुक्यात आळे गावी रेड्याची समाधी आहे. पैठणला ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले, तो हाच रेडा, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. त्याच तालुक्यात ओतूरला मांडवी नदीकाठी बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. तुकोबांना स्वप्नात मंत्र देणारे गुरू ते हेच, असं परंपरा सांगते. मराठीतल्या दोन सर्वांत मोठ्या कवींशी नातं सांगणारी ही दोन ठिकाणं एकाच तालुक्यात आहेत. आणि या दोन्ही कवींच्या नावापुढे अभ्यासकांनी एक अवघड प्रश्न मांडून ठेवला आहे: त्यांच्या नावावरचं सगळं त्यांनीच लिहिलं का?

ज्ञानेश्वरांच्या बाबतीत हा वाद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पेटला. शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘भारद्वाज’ या टोपणनावाने ‘सुधारक’ पत्रात लिहून असा दावा केला की ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानेश्वर वेगळे आणि अभंग रचणारे ज्ञानदेव वेगळे. अभंगांची भाषा नंतरची वाटते, आणि अभंगांत पदोपदी येणारा विठ्ठल ज्ञानेश्वरीत नावानिशी येत नाही, हे त्यांचे बिनीचे मुद्दे. उलट बाजूचं उत्तरही तितकंच सरळ होतं. अभंग शतकानुशतकं वारकऱ्यांच्या ओठांवर राहिले, भाषा बदलत गेली तसे तेही बदलले. ज्ञानेश्वरी मात्र पोथीत राहिली, शिवाय ती गीतेवरची टीका, तिचा विषयच निराळा.

तुकोबांचं दुखणं वेगळं. अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ आलं की तो तुकोबांचा, हा सर्वसाधारण समज. पण नाममुद्रा कोणालाही घालता येते. सरकारी मदतीने १८६९ ते १८७३ या काळात इंदुप्रकाश छापखान्याने गाथा छापली, तेव्हा संपादकांना देहू, तळेगाव, पंढरपूर इथली बाडं समोर ठेवून साडेचार हजारांवर अभंग निवडावे लागले. त्यातला प्रक्षिप्त भाग किती, यावर अजून एकमत नाही.

असे वाद पांडित्याने आणि श्रद्धेने लढवायचे, ही आपली रीत. दुसरी रीत मोजण्याची. या लेखमालेचा विषय मोजदाद आहे, म्हणून ती इथे घ्यायची. आणि तिची खरी थोरवी अशी, की पोथीला लावता येणारं हे गणित आज रक्ताच्या कर्करोगाच्या प्रयोगशाळेत वापरलं जातं.

अमेरिकेच्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ १७८७-८८ मध्ये निनावी लेख निघाले. त्यातल्या १२ लेखांवर हॅमिल्टन आणि मॅडिसन या दोघा नेत्यांचाही हक्क सांगितला जात होता. फ्रेडरिक मोस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी १९६४ साली निकाल दिला तो ‘अपॉन’सारख्या क्षुल्लक शब्दांच्या आधारे. हॅमिल्टनच्या लेखनात दर हजार शब्दांत तो तीनेकदा येतो, मॅडिसनच्या लेखनात जवळपास नाहीच. विषय बदलला की मोठे शब्द बदलतात. बारीकसारीक शब्द हाताच्या सवयीने येतात, तिथे लेखकाला लपता येत नाही. सगळे वादग्रस्त लेख मॅडिसनचे ठरले.

हीच युक्ती ज्ञानेश्वरीला लावावी म्हटलं तर अडचण येते. ‘तरी’, ‘परी’, ‘जैसें’, ‘म्हणौनि’ यांची वारंवारता काढणं अवघड नाही, पण मराठीत निम्मं काम विभक्तीचे प्रत्यय करतात आणि ते शब्दाला चिकटून असतात. त्याहून मोठी अडचण नक्कल करणाऱ्याची. जुनी पोथी उतरवताना नकलकार मोठ्या शब्दांना हात लावत नाही. बदलतो ते नेमके हेच लहान शब्द आणि प्रत्यय. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे मूळ रचनेनंतर जवळपास तीनशे वर्षांनी, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत कोणी स्वतःच्या ओव्या घुसडू नयेत असं बजावलं. म्हणजे तीत तशा घुसडल्या जात होत्याच. अशा प्रतीवर लहान शब्द मोजले तर ज्ञानेश्वर किती सापडतील आणि नकलकार किती, हा प्रश्न आधी सोडवावा लागेल.

मग मोजायचं काय? ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ उडनी यूल यांनी १९४४ च्या पुस्तकात दुसरी वाट दाखवली. ‘इमिटेशन ऑफ ख्राइस्ट’ हा ग्रंथ थॉमस ए केम्पिस यांचा की जाँ गेरसाँ यांचा, हा युरोपातला जुना वाद. यूल यांनी त्यातली नामं मोजली आणि शब्दसंपत्तीच्या विविधतेला एक अंक दिला. त्याचं मर्म सोपं आहे. ग्रंथातून डोळे मिटून दोन शब्द उचलले, तर ते एकच असण्याची शक्यता किती? ती जास्त असेल तर लेखक मोजक्या शब्दांत फिरतो. कमी असेल तर त्याचं भांडार मोठं. पाच वर्षांनी, १९४९ मध्ये, एडवर्ड सिम्पसन यांनी ‘नेचर’मध्ये जीवजातींच्या विविधतेसाठी याच जातीचं माप मांडलं. जंगलातून दोन प्राणी उचला, ते एकाच जातीचे असण्याची शक्यता काढा. मोजायला शब्द घ्या नाहीतर प्राणी, हिशोब तोच.

खरा पेच न दिसलेल्यांचा आहे. आंबेगाव आणि खेडच्या डोंगरांत पसरलेल्या भीमाशंकरच्या अभयारण्यात कोणी पावसाळ्यानंतर फुलपाखरं मोजायला गेलं, तर दोन आठवड्यांत काही जाती शेकड्याने दिसतील, काही दोनदा-तीनदा आणि बऱ्याचशा एकदाच. आणखी दोन आठवडे थांबल्यास नव्या जाती किती मिळतील? नेमका हाच प्रश्न अ‍ॅलेक्झांडर कॉर्बेट यांनी मलायातली फुलपाखरं गोळा केल्यावर रोनाल्ड फिशर यांना विचारला होता. कॉर्बेट यांना ११८ जाती एकदाच दिसल्या होत्या, ७४ दोनदा, ४४ तीनदा, २४ चारदा. पुढे सिद्ध झालेलं सूत्र चकित करावं इतकं साधं आहे: एकदा दिसलेल्यांतून दोनदा दिसलेले वजा करा, तीनदा दिसलेले मिळवा, चारदा दिसलेले वजा करा, असंच पुढे. उत्तर येतं सुमारे ७५. तेवढाच काळ पुन्हा जाळं फिरवलं तर इतक्या नव्या जाती.

ब्रॅडली एफ्रॉन आणि रोनाल्ड थिस्टेड यांनी १९७६ मध्ये हे सूत्र शेक्सपिअरला लावलं. त्याच्या समग्र लेखनात ८,८४,६४७ शब्द, त्यात वेगवेगळे ३१,५३४, आणि त्यातले १४,३७६ आयुष्यात एकदाच वापरलेले! त्यावरून या दोघांनी काढलं की त्याला ठाऊक असलेले, पण कधी न लिहिलेले शब्द किमान ३५,००० असावेत. १९८५ मध्ये ४२९ शब्दांची एक कविता शेक्सपिअरची म्हणून पुढे आली, तेव्हा कसोटीची वेळ आली. सूत्र म्हणत होतं की एवढ्या लांबीच्या अस्सल कवितेत याआधी न वापरलेले साधारण ७ शब्द असावेत. निघाले ९. कविता त्याचीच हे यातून सिद्ध होत नाही. पण ती त्याची नसावी असंही ठरत नाही. प्रामाणिक मोजणी इतकंच सांगते, आणि एवढं सांगणारी मोजणी आपल्या गाथेच्या वाट्यालाही यावी.

आता रक्ताकडे.

माणसाच्या शरीरातली रोगप्रतिकार करणारी प्रत्येक टी पेशी आणि बी पेशी जन्मताना आपल्या जनुकांचे तुकडे स्वतः जुळवते. बी पेशीच्या एका साखळीसाठी ‘व्ही’ जातीचे चाळीसेक तुकडे, ‘डी’ जातीचे वीसेक आणि ‘जे’ जातीचे सहा उपलब्ध असतात. प्रत्येकातला एक निवडायचा आणि सांध्यावर काही अक्षरं गाळायची, काही नवी घालायची. जनुकांची ही फेरजुळणी उलगडल्याबद्दल सुसुमु टोनेगावा यांना १९८७ चं नोबेल मिळालं. सांध्यावरची ही अक्षरं म्हणजे त्या पेशीची नाममुद्रा. तिच्यापासून पुढे जेवढ्या पेशी होतील, त्या सगळ्या तीच मुद्रा वागवतात.

अशा किती मुद्रा एका माणसाच्या रक्तात असतात? सगळं रक्त काढून मोजता येत नाही. हाती येतो तो एक नमुना. इथे फुलपाखरांचं सूत्र कामी आलं. हार्लन रॉबिन्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये नमुन्यात एकदाच, दोनदा दिसलेल्या टी पेशींच्या मुद्रा मोजून, न दिसलेल्या धरून, एकूण आकडा ३० ते ४० लाखांच्या घरात असल्याचा अंदाज दिला. पुढच्या अभ्यासांनी तो तरुणांमध्ये १० कोटींपर्यंत नेला.

ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात, नेमकं उलटं घडतं. लहान मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात एकच बिघडलेली पूर्वज बी पेशी बेसुमार वाढते. बोन मॅरोच्या (अस्थिमज्जेच्या) नमुन्यातून दोन बी पेशी उचला, त्या एकाच मुद्रेच्या असण्याची शक्यता प्रचंड. सिम्पसनचं माप तिथे ओरडून सांगतं की इथे एकानेच जागा अडवली आहे. आणि तीच मुद्रा उपचारानंतर माग काढायला उपयोगी पडते. सूक्ष्मदर्शकाखाली शंभरात पाचपेक्षा कमी रोगट पेशी असतील तर ओळखणं कठीण. फ्लो सायटोमेट्री या चाचणीने १० हजारांत एक सापडते, आणि मुद्रा अक्षरशः वाचण्याच्या तंत्राने १० लाखांत एक. केमोनंतर मूल हसतंखेळतं दिसत असलं तरी पुढचा उपचार किती कडक द्यायचा, हे या उरलेल्या पेशींवरून डॉक्टर ठरवतात.

नकलकाराची अडचण इथेही सुटत नाही. रोगट पेशी वाढता वाढता सांध्याची अक्षरं कधी पुन्हा बदलते, आणि रोग उलटतो तेव्हा मूळ मुद्रा हरवलेली असू शकते. म्हणून प्रयोगशाळा शक्य तिथे एकाऐवजी दोन खुणांवर लक्ष ठेवतात. पोथीच्या अभ्यासकाने एकाच शब्दावर निकाल देऊ नये, त्यामागचं कारणही हेच.

भारतात पहिलं यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं. रुग्ण होती ल्युकेमिया झालेली नऊ वर्षांची मुलगी. प्रत्यारोपणाआधी जुनी प्रतिकारशक्ती पुसून टाकावी लागते, मग दात्याच्या पेशींतून नवी उभी राहते. काही महिन्यांनी रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशींचा आकडा ठीक दिसू लागतो आणि घरचे निःश्वास टाकतात. पण आकडा आणि विविधता या दोन गोष्टी आहेत. नारायणगावच्या बाजारात हजारो क्रेट उतरले आणि सगळे टोमॅटोचेच असले, तर आवक मोठी, पण त्यावर घरचा आठवड्याचा स्वयंपाक होत नाही. न्यूयॉर्कमधल्या एका अभ्यासाने २०१३ मध्ये हेच मोजून दाखवलं. सहा महिन्यांनंतर नाळेच्या रक्तातून प्रत्यारोपण झालेल्यांची टी पेशींची विविधता निरोगी माणसांच्या जवळ आली होती. टी पेशी काढून घेतलेल्या मूळपेशी ज्यांना दिल्या, त्यांच्यात एका गटातल्या टी पेशींची विविधता २८ पट आणि दुसऱ्या गटातली १४ पट कमी होती. अशा रुग्णाला साधा विषाणूही जड जाऊ शकतो, कारण त्याला ओळखणारी मुद्राच रक्तात नसते.

मग विविधता जास्त तितकी बरी, असा नियम करावा का? नाही. २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनियातून आलेली नोंद हा मोह मोडते. तिथे कार-टी उपचार होतात. रुग्णाच्याच टी पेशी काढून, विषाणूच्या मदतीने त्यांत नवं जनुक घालून, कर्करोगाच्या पेशी ओळखायला शिकवून त्या परत शिरेतून देतात. विषाणू प्रत्येक पेशीत वेगळ्या जागी शिरतो, म्हणून इथेही प्रत्येकीची मुद्रा निराळी. एका रुग्णाला दीर्घकालीन ल्युकेमियावर दिलेला हा डोस आधी फिका पडल्यासारखा वाटला. मग अचानक पेशी वाढल्या आणि रोग हटला. मुद्रा वाचल्यावर कळलं की त्या लाटेतल्या मारक टी पेशींपैकी ९४ टक्के एकाच पेशीची पिलावळ होत्या. विषाणू योगायोगाने ‘टेट२’ नावाच्या जनुकात शिरला होता आणि ती पेशी जोमाने फोफावली. म्हणजे सैन्याची विविधता ढासळली, आणि रुग्ण वाचला. कोणत्या पेशींची विविधता, उपचाराच्या कोणत्या टप्प्यावर, हे विचारल्याशिवाय नुसत्या आकड्याला अर्थ नाही.

हाच कार-टी उपचार आता महाराष्ट्रात तयार होतो. आयआयटी मुंबईतले डॉ. राहुल पुरवार आणि टाटा स्मारक केंद्राचे डॉक्टर यांच्या प्रयत्नांतून ‘नेक्सकार१९’ उभं राहिलं. देशातला पहिला कार-टी उपचार ४ जून २०२१ रोजी टाटाच्या खारघर केंद्रात झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी ते देशाला अर्पण केलं. ६४ रुग्णांच्या चाचण्यांचे निष्कर्ष २०२५ मध्ये ‘लॅन्सेट हीमॅटॉलॉजी’त प्रसिद्ध झाले, ज्यांच्यावरचा परिणाम मोजता आला, त्यांतल्या ७३ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला. खर्च परदेशाच्या मानाने सुमारे एक-दशांश असला तरी तो लाखांतच आहे, आणि ओतूर किंवा घोडेगावच्या शेतकरी कुटुंबाच्या आवाक्यात तो अजून आलेला नाही. विज्ञान खारघरपर्यंत आलं. ते माळशेज चढून वर येण्यासाठी सरकारी योजनांचं बळ लागेल, आणि ते मिळायलाच हवं.

वाचकांसाठी तीन कामाच्या गोष्टी. घरातल्या मुलाला आठवडेच्या आठवडे ताप, अंगावर निळसर डाग, हिरड्यांतून रक्त, पांढराफटक चेहरा असं काही दिसलं तर मंचर, नारायणगाव किंवा जवळ मिळेल तिथे आधी रक्ताची पूर्ण तपासणी करून घ्या. आणि ल्युकेमियाचं निदान झालंच, तर उपचार सुरू होण्याआधी काढलेल्या पहिल्या बोन मॅरोचा अहवाल जपून ठेवा आणि तो नमुना प्रयोगशाळेत राखून ठेवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. रोगाची मूळ मुद्रा त्या पहिल्या नमुन्यातूनच कळते. केमो सुरू झाल्यावर ती शोधणं फार अवघड जातं. तिसरी गोष्ट पोथ्यांची: माळ्यावर आजोबा-पणजोबांच्या हातच्या अभंगांच्या वह्या असतील, तर त्या नदीत सोडू नका. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात दाखवा.